माळवदावर सौर पॅनेल? आधी छत तपासा!

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली, तेव्हापासून नांदेड-लातूरकडच्या आमच्या आयाबहिणी विचारतात, "आमच्या माळवदावर पॅनेल बसेल का हो?" आम्ही स्पष्टच सांगतो, मातीच्या माळवदावर बसवू नका.

माळवद म्हणजे थरांचे छत. लाकडी खांब, तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, पाला आणि वर पांढरी माती. गळू नये म्हणून दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकायची. असा थर पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो. एक घनफूट मातीचे वजन साधारण ४५ किलो धरले, तर दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती म्हणजे साडेचार टन ओझे! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडी भिंती आणि अशीच छते कोसळून हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ते आपण कसे विसरावे?

त्यामानाने पॅनेल हलके. एक किलोवॅटला दोन-तीन पॅनेल व सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते. एका मोठ्या पॅनेलचे वजन पंचवीस-तीस किलो. खरी भीती वाऱ्याची आहे. वादळात पॅनेल सुपासारखे उचलले जाते, म्हणून त्याचा सांगाडा घट्ट बसवावा लागतो. मातीत बोल्ट धरत नाही. सिमेंटचे ठोकळे ठेवले, तर थकलेल्या तुळयांवर आणखी भार. शिवाय छिद्रातून पाणी मुरले की लाकूड कुजते.

मग करावे काय? घरात एखादी खोली स्लॅबची असेल, तर तिच्यावर बसवावे. नाहीतर अंगणात, सावली नसेल तेथे, लोखंडी खांब रोवून सांगाडा उभारता येतो. मात्र त्याला अनुदान मिळेल का, हे महावितरणकडे आधी विचारावे. छत पॅनेल बसवण्याजोगे असावे, ही योजनेचीच अट आहे.

स्लॅबलाही थर असतात. स्लॅबवर बहुधा विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. तो भोसकला की पाणी आत शिरते आणि भलतीकडेच गळते. शक्यतो कोब्याला छिद्र न पाडता ठोकळ्यांवर सांगाडा उभा करावा. ठोकळ्यांचे वजन व स्लॅबची ताकद इंजिनिअरकडून तपासून घ्यावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेला असावे, कठड्याची सावली त्यावर पडू नये.

अनुदान एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व त्यापुढे ७८ हजार रुपये. पण ते संच सुरू झाल्यावर खात्यात जमा होते, तोवरच्या पैशांची सोय करून ठेवावी. एक किलोवॅटपासून चांगल्या उन्हात दिवसाला चारेक युनिट मिळतात. बॅटरी नसेल, तर लाईट गेली की हा संचही बंद पडतो, हे ध्यानात असू द्यावे.

बिल वाचवायचे ते लेकरांसाठीच ना? मग ती ज्या छताखाली निजतात, ते छत आधी भक्कम करा.