लेखकाची उलटतपासणी कोणाच्या दारात?

२० सप्टेंबर १९५८ या दिवशी न्यूयॉर्कमधील हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, ब्लमस्टीन नावाच्या मोठ्या दुकानात, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आपल्या पहिल्या पुस्तकावर सह्या देत बसले होते. पुस्तकाचे नाव 'स्ट्राइड टुवर्ड फ्रीडम'. माँटगोमेरीच्या काळ्या प्रवाशांनी बसवर ३८१ दिवस बहिष्कार घातला, त्याची ही हकीकत. म्हणजे लढणाऱ्याने स्वतः दिलेला लढ्याचा जबाब. तेवढ्यात इझोला करी नावाची एक कृष्णवर्णीय बाई पुढे आली आणि पाकिटे फोडायची टोकदार सुरी तिने त्यांच्या छातीत खुपसली. टोक हृदयाच्या मुख्य रक्तवाहिनीला टेकले होते. नुसती शिंक आली असती तरी प्राण गेला असता! हार्लेम हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी त्यांना वाचवले. बाई मनोरुग्ण होती, खटला चालवण्यास ती अपात्र ठरली, आणि किंग यांनीही तिच्याविषयी राग धरला नाही.

हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच्या शेजारची दुसरी गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. तिथून जवळच, सातव्या अ‍ॅव्हेन्यूवर, लुईस मिशो या कृष्णवर्णीय गृहस्थांचे पुस्तकांचे दुकान होते. आमच्या लढ्याचे पुस्तक, आमच्या वस्तीत, आणि कार्यक्रम मात्र गोऱ्या मालकाच्या दुकानात का, असा निषेध मिशो यांनी जाहीरपणे नोंदवला होता. त्या निषेधाचा हल्ल्याशी काडीचाही संबंध नाही, हे वकील या नात्याने आम्ही आधीच स्पष्ट करतो. प्रश्न एवढाच की, निषेध रास्त होता काय?

आयोजकांच्या बाजूनेही बोलता येईल. मोठे दुकान, मोठी जागा, मोठी गर्दी. शिवाय ब्लमस्टीनमध्ये काळे गिऱ्हाईक चालत होते पण गल्ल्यामागे काळी विक्रेती चालत नव्हती, आणि १९३४ साली हार्लेमने बहिष्कार पुकारून तो हक्क मिळवला होता. जिंकलेल्या जागेवर कार्यक्रम केला तर बिघडले कुठे? तरीही आमचे मत मिशो यांच्या बाजूचे आहे. कारण त्या दुकानात पुस्तक हा इतर मालासारखाच एक माल होता. आज पुस्तक, उद्या पुन्हा कपडे. मिशो यांच्याकडे तसे नव्हते. १९३२ च्या सुमारास मूठभर पुस्तकांवर त्यांनी धंदा मांडला. काळ्या माणसाचा इतिहास तिथे कपाटे भरून मिळे. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याने बसून वाचावे, अशी मुभा होती. माल्कम एक्स तिथे वाचत आणि त्याच दुकानासमोर सभा घेत. लेखक बोलून निघून गेला तरी दुसऱ्या दिवशी तोच वाचक, तोच दुकानदार आणि तोच वाद शिल्लक राही.

सत्तेला याचे महत्त्व आपल्यापेक्षा लवकर कळले. १९६८ साली अमेरिकेच्या एफबीआयचे प्रमुख हूवर यांनी देशभरातील कृष्णवर्णीयांच्या पुस्तकांच्या दुकानांवर पाळत ठेवण्याचे आदेश काढले. कपड्यांच्या दुकानावर असा पहारा कोणी बसवतो काय? त्याच सुमारास सरकारी इमारतीसाठी मिशो यांना मूळ जागा सोडावी लागली आणि १९७४ मध्ये दुकान बंद झाले.

कथा-कवितेच्या लेखकाला वाचक फार तर विचारील, हे सुचले कसे? इतिहास, अर्थकारण, कायदा, आत्मकथन लिहिणारा हा मात्र साक्षीदार असतो. पुस्तक ही त्याची सरतपासणी. उलटतपासणी व्हायची तर वाचकासमोरच, आणि त्यासाठी जागा मालकाच्या मर्जीची असून भागत नाही. वॉशिंग्टनमध्ये 'पॉलिटिक्स अँड प्रोज' हे १९८४ साली दोन स्त्रियांनी उभारलेले दुकान आहे. तिथे जवळजवळ रोज संध्याकाळी लेखक येतो, थोडा वेळ बोलतो, मग माइक श्रोत्यांकडे जातो. बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसते; दुकानाची कमाई त्या वेळी खपणाऱ्या पुस्तकांवर. माजी मंत्री असो की नवखा संशोधक, प्रश्न चुकत नाहीत. धर्मादाय नव्हे, हा चोख व्यापार आहे, आणि म्हणूनच तो टिकला आहे.

मंच दुसऱ्याचा असला की काय होते, हे आपल्याला हार्लेमकडून शिकण्याची गरज नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषण आधी वाचले आणि परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलला नाही. स्वखर्चाने १५०० प्रती छापल्या, त्या दोन महिन्यांत संपल्या. मंच गेला, पुस्तक राहिले.

आणि आज आपण काय करतो? चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर जी झुंबड उडते, ती पाहून प्रस्थापित प्रकाशकही चकित होतात. हे स्टॉलवाले म्हणजे आपले स्वतंत्र पुस्तक-विक्रेतेच. कोणाचे अनुदान नाही, कोणाचे दडपण नाही. पण लेखक तिथे दिसत नाही. तो दिसतो भाड्याच्या सभागृहात, प्रकाशन समारंभात. मंचावर सात पाहुणे, त्यांतल्या पाचांनी पुस्तक उघडलेले नाही, सत्काराला तास, स्तुतीला दोन तास, आणि शेवटी आभार. प्रश्नोत्तरे वेळेअभावी रद्द. असा साक्षीदार कोर्टात एक मिनिट टिकणार नाही!

वाचकहो, यासाठी कोट्यवधींचे भवन लागत नाही. येत्या ६ डिसेंबरला एखाद्या स्टॉलवाल्याने दोन खुर्च्या आणि एक माइक ठेवावा. गर्दीला अडथळा होऊ नये म्हणून जागा कडेची घ्यावी. लेखकाने वीस मिनिटे बोलावे, चाळीस मिनिटे ऐकावे. हार, शाल, प्रास्ताविक नको. पुस्तक विकत घेतले नाही म्हणून कोणाला उठवू नये. आणि पहिला प्रश्न कार्यकर्त्याने नव्हे, तर गावाकडून रेल्वेने आलेल्या, हातात पिशवी असलेल्या बाईने विचारावा.