समुपदेशन म्हणजे केवळ समेट नव्हे

संसारात खटके उडाले की वडीलधारी मंडळी समजूत घालतात. तथापि त्यांचे हितसंबंध बहुधा एका पक्षाशी गुंतलेले असतात. समुपदेशक त्रयस्थ असतो, हा त्याचा विशेष होय. एकट्या व्यक्तीच्या मानसिक ताणासाठी टेलि-मानस ही २०२२ साली सुरू झालेली विनामूल्य सेवा १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. पती-पत्नीस किंवा सर्व कुटुंबीयांस एकत्र बसवून बोलते करणे ही निराळी पद्धत.

जेथे मारहाण वा छळ होतो, तेथे मात्र ती जपूनच वापरावी लागते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १४ अन्वये दंडाधिकारी उभयतांना स्वतंत्रपणे अथवा एकत्र समुपदेशनास पाठवू शकतात. मात्र पुढील सुनावणी दोन महिन्यांच्या आत ठेवावी लागते. २००६ च्या नियमांनुसार, सर्व पक्षकारांची लेखी संमती नसल्यास त्यांच्या नातलगास समुपदेशक नेमता येत नाही. “तिनेच उलट उत्तर दिले” यासारखे हिंसेचे समर्थन तेथे ऐकून घेतले जात नाही, व तसे प्रतिवादीस आरंभीच सांगावे लागते. “जरा सांभाळून घे” हा सल्ला तर घरोघर मिळतोच. तडजोडीचा प्रयत्न पीडित महिलेची इच्छा असेल तरच करावयाचा असतो. तिला संरक्षण अधिकाऱ्यामार्फतही दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.