उवांच्या लोशनचा दुसरा हात

लोशन लावूनही आठवड्याभराने उवा दिसल्या, म्हणजे औषध नकली, हा निष्कर्ष घाईचा आहे. १ टक्का परमेथ्रिन उवेच्या मज्जापेशींतले सोडियमचे मार्ग उघडेच ठेवते. ती लुळी पडून मरते. पण कोवळ्या लिखेत मज्जासंस्थाच तयार झालेली नसते, मग औषधाने घाव घालायचा कुठे? लीख साधारण ८-९ दिवसांत फुटते आणि नव्या उवेला अंडी घालायला आणखी जवळपास तितकेच दिवस लागतात. दुसरा हात ९व्या दिवशी द्यायचा तो यासाठीच. शाम्पूने धुऊन टिपलेल्या केसांना, कंडिशनर न लावता, १० मिनिटे लोशन ठेवावे आणि धुवावे. रोज लावल्याने टाळूची आग तेवढी वाढते.

काही उवा या औषधाला दाद देत नाहीत, हा आक्षेप खरा आहे. लावल्यावर ८-१२ तासांनीही त्या तितक्याच चपळ असतील, तर डॉक्टरांना विचारून औषध बदलावे, मात्रा वाढवू नये. आणि रॉकेल तर नकोच नको! ते पेट घेते, कातडी भाजते. फणी मात्र दोन-तीन आठवडे चालू ठेवा, घरातल्या सगळ्यांची डोकी तपासा, आणि २ महिन्यांखालच्या बाळाला हे लोशन लावू नका.