स्टीलहेड नाही, तर चिलापी!

आमच्या कँटीनमध्ये सध्या क्रिकेट आणि इन्क्रिमेंट सोडून तिसराच विषय चाललाय : स्टीलहेड! परचेसमधला एक मित्र रात्र रात्र जागून अमेरिकेतले फिशिंगचे व्हिडिओ बघतो. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन मोठा होणारा आणि अंडी घालायला पुन्हा नदीत परतणारा रेनबो ट्राउट. कमरेएवढ्या गार पाण्यात उभं राहायचं आणि तासन् तास त्याची वाट बघायची. ‘आपणही काढू या ना अशी ट्रिप,’ असं त्यानं जाहीर केलं आणि प्लॅनिंग माझ्या गळ्यात पडलं. म्हणजे मासा गळाला लागायच्या आधी मीच!

ट्राउटचा निकाल पाच मिनिटांत लागला. त्याला थंडगार, वाहतं पाणी लागतं. आपल्या देशात तो काश्मीर, हिमाचल किंवा मुन्नारच्या डोंगरात भेटतो आणि तोही इंग्रजांच्या काळात बाहेरून आणलेला. बारामती एमआयडीसीतून शिफ्ट संपवून तिथं कोण जाणार?

पण प्रवाहाविरुद्ध वर चढणारा एक दांडगा मासा आपलाही आहे, महसीर. दख्खनच्या महसीरची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८३९मध्ये केली, ती पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून! तेच पाणी भीमेतून पुढं उजनीत येतं, म्हणजे अगदी आपल्या दारात.

तरीही महसीरच्या आशेवर रजा टाकू नका. धरणा-बंधाऱ्यांनी त्याची वर जायची वाट अडवलीय आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी याच नदीतून खाली येतं. त्याच्यासाठी लोणावळ्याजवळ वळवणला टाटांचं प्रजनन केंद्र १९७०च्या दशकापासून काम करतंय. (तिथली पिल्लं कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडा महसीर अडचणीत आला, असं अभ्यासक सांगतात. मासे सोडणं हे दिसतं तितकं सोपं पुण्यकर्म नाही.)

मग उरलं उजनीचं बॅकवॉटर. बारामतीहून भिगवण पाऊण तासावर. धरणात रोहू, कटला सोडतात, पण गळाला बहुतेक वेळा लागते ती चिलापी, मूळची आफ्रिकेतली. दिसायला काही ग्लॅमरस नाही, पण नवशिक्याला निराशही करत नाही. कणकेची गोळी किंवा गांडूळ, साधा रॉड, पाण्यावर तरंगणारं बूच, एवढ्यावर काम भागतं. चिलापी ठेवा. रोहू-कटल्याची बोटभर पिल्लं मात्र ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडा. आणि जाण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. आपला वीकएंड हा त्यांचा रोजचा धंदा आहे. जाळ्यांच्या जवळ गळ टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरणं. हिवाळ्यात कुंभारगावकडं फ्लेमिंगो उतरतात, तो किनाराही त्यांनाच राहू द्या.

आमचं भांडण झालं ते बोटीवरून. ‘मोठा मासा खोल पाण्यातच’ हा मित्राचा हट्ट. पण २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीकडं येणारी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्यानं उलटली आणि सहा जण गेले. नेहमीचा जलमार्ग होता तो, साहस नव्हतं. उन्हाळ्यात दुपारनंतर इथं वारा कधी उठेल याचा नेम नसतो. त्यामुळं यादीत मी ठळक लिहिलंय : बोट नाही, फक्त काठ, आणि अकराच्या आत परत. काठसुद्धा बघून निवडायचा. पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तसा गाळही उघडा पडतो. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत! गुरांची वाट किंवा खडकाळ उतार उत्तम.

मित्र अजून फुरंगटलेला आहे, पण येतोय. येत्या रविवारी पहाटे चारला निघायचं ठरलंय. थर्मास, टोप्या, दोन रॉड, दोरी, प्रथमोपचाराची पेटी असं सगळं वाटून झालं. कणीक कोणी मळायची, यावर अजून एकमत नाही.