कुंभारणीची फ्लाइट आणि आपलं क्लिक

मॅक्रो लेन्स घेतली की सगळ्यांचं सेम होतं. पहिला फोटो जास्वंदीचा, दुसरा दवबिंदूचा, तिसरा बिचाऱ्या मुंगीचा. मग डोक्यात किडा वळवळतो, उडणारं काहीतरी हवं! आणि आपण कॅमेरा घेऊन माशीमागे पळत सुटतो. मंडळी, पळू नका. ती परत कुठे येणार, ते शोधा.

माझी हिरॉईन आहे कुंभारीण. खिडकीच्या चौकटीत, ट्यूबलाइटमागे मातीचं इवलंसं मडकं घडवणारी, गांधीलमाशीची चुलत बहीण. पाण्यात कालवलेल्या मातीची गोळी जबड्यात धरून आणते, थापते, पुन्हा जाते. मडकं झालं की आत एक अंडं बारीक धाग्याने टांगते. मग अळ्यांच्या फेऱ्या सुरू. डंख मारून लुळी केलेली, पण जिवंत अळी. म्हणजे पिल्लासाठी ताजा डबा! शेवटी मडक्याचं तोंड लिंपायचं आणि पिल्लाचं तोंडही न बघता निघून जायचं.

आपल्या फायद्याची गोष्ट अशी की, तिचा रूट ठरलेला असतो. उतरण्याआधी मडक्यासमोर ती हवेत क्षणभर थबकते. तोच आपला स्पॉट.

तिथे मॅन्युअल फोकस आधीच लावून ठेवायचा. ऑटोफोकसच्या भरवशावर राहिलात, तर मडकं शार्प आणि माशी गायब! अ‍ॅपर्चर एफ ११, तरी शार्प पट्टा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. पंख गोठवतो तो शटर नव्हे, फ्लॅश. पॉवर १/१६ वर आणली की त्याचा झोत साधारण सेकंदाचा दहा हजारावा भाग टिकतो. बाल्कनी सावलीतली असेल तर बेस्ट, उजेड फक्त फ्लॅशचा राहतो. मी दोन रविवारी मिळून १४० फ्रेम मारल्या. कामाच्या निघाल्या तीन.

एक नियम मात्र पक्का. ती मडक्याभोवती नुसत्याच घिरट्या घालायला लागली, उतरेना, की कॅमेरा खाली. आपल्या एका फोटोपायी तिने अर्धं मडकं सोडून दिलं, तर तो फोटो काय कामाचा? आणि घाबरू नका, हात लावला नाही तर ती सहसा डसत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत आई झाडू घेऊन त्याच कोपऱ्याकडे निघाली होती. मी तिला स्क्रीनवर फोटो दाखवला. पंख ताणलेले, पोटाखाली घट्ट धरलेली हिरवी अळी. आई बघत राहिली. ‘अगं बाई, ही तर डबा घेऊन आलीय!’

तेवढा कोपरा सोडून घर लख्ख झालं.

येत्या रविवारी कॅमेरा काढण्याआधी अर्धा तास नुसतं बसा. मोबाइल लांब ठेवा. तिचं टाइमटेबल कळलं, की निम्मा फोटो झालाच म्हणून समजा.