कॉर्डच्या तक्त्यांची श्रवणपरीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

बारामती आणि इंदापूर ह्या तालुक्यांतील महाविद्यालयांत शिकणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांच्या हाती आज गिटार दिसते. गुरूकडून रीतसर शिक्षण मिळालेले त्यांत थोडे असतात. बहुतेकांचा आधार म्हणजे महाजालावर मिळणारे कॉर्डचे तक्ते होत. गीताचे शब्द ओळीने मांडलेले असतात आणि त्यांच्या माथ्यावर सी, एफ, जी, ए मायनर अशी नावे असतात. तक्ता कोणी केला, कशावरून केला, हे बहुधा कळत नाही. असा तक्ता बरोबर की चूक हे केवळ कानाने ठरविता येईल काय, आणि येत असेल तर कोणत्या मर्यादेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने का हाती घ्यावा, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तथापि ऐकलेला ध्वनी खुणांनी लिहिणे आणि लिहिलेल्या खुणांवरून ध्वनी पुन्हा उभा करणे, हा आपल्या शास्त्राचा मूळ व्यवहार आहे. कॉर्डचा तक्ता हेही एक लिप्यंकनच होय. त्याचे गुणदोष लिप्यंकनाचेच गुणदोष आहेत.

२. तक्ता काय लिहितो आणि काय गाळतो

मराठीत 'चार' ही संख्या आणि गुरांना चारण्यातील 'चार' ह्यांचे लेखन एकच आहे. उच्चार मात्र भिन्न आहे. पहिल्यातला च तालव्य आहे, तर दुसऱ्यातला दंततालव्य. विश्व ह्या अर्थी 'जग' आणि 'तू जग' ह्यांतही तोच भेद आहे. आपली लिपी तो दाखवीत नाही, आणि तरीही मराठी वाचक अडखळत नाही, कारण लिपीत नसलेली माहिती तो स्वतः पुरवितो. ह्यावरून एक सामान्य नियम सांगता येतो. कोणतेही लेखन, जाणत्याला जेवढे पुरेल तेवढेच नोंदविते.

बारामतीकर मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्येचेही असेच आहे. गीतीचे चरण १२, १८, १२, १८ मात्रांचे असतात. त्या मोजून रचना निर्दोष आहे की नाही हे ठरते. परंतु कीर्तनकार ती कोणत्या चालीत म्हणतो हे मात्रांवरून समजत नाही.

कॉर्डचा तक्ता तीन गोष्टी सांगतो. मूळ स्वर कोणता, गांधार शुद्ध की कोमल, आणि बदल साधारणपणे कोणत्या अक्षरापाशी होतो. बदल नेमका कितव्या मात्रेवर, कॉर्डमधील कोणता स्वर सर्वांत खाली, वादकाचा हात वरच्या सप्तकात की खालच्या, हे सारे तो गाळतो. ही गाळणूक म्हणजे चूक नव्हे. त्याचप्रमाणे तक्ता ध्वनिमुद्रिकेपेक्षा वेगळ्या पट्टीत असला तरी तो चुकीचा ठरत नाही. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावून सी ह्या कॉर्डची बोटे धरली, तर ऐकू येतो तो डी. स्वरांचे परस्परसंबंध तसेच राहतात, आणि परीक्षा त्या संबंधांचीच करावयाची असते.

३. गीतांचे तीन वर्ग

बरोबर म्हणजे कशाशी जुळणारे, हा प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. त्या दृष्टीने गीतांचे तीन वर्ग मानणे सोयीचे होईल.

पहिल्या वर्गात कॉर्ड प्रत्यक्ष वाजलेले असतात. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) हा चित्रपट इंदापूरच्या शेजारच्या करमाळे तालुक्याच्या परिसरात घडतो. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण हॉलिवूडमध्ये केले. अशा गीतांत स्वरसंघांची योजना संगीतकाराने स्वतः केलेली असते. म्हणून येथे तक्ता हे खरेखुरे लिप्यंकन आहे, आणि त्याला ध्वनिमुद्रिका हा निश्चित साक्षीदार आहे.

दुसऱ्या वर्गात चाल स्वरांनी पूर्ण बांधलेली असते, पण तिचा आशय कॉर्डवर अवलंबून नसतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे 'गीतरामायण' १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. त्यातील ५६ गीतांपैकी पहिले भूप रागात आहे. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य. सी हा षड्ज मानला तर सा-रे-ग-प-ध ह्या पाच स्वरांतून साधे तीन स्वरांचे मेजर वा मायनर कॉर्ड दोनच निघतात : सा-ग-प म्हणजे सी, आणि ध-सा-ग म्हणजे ए मायनर. एफ घेतला की मध्यम आला, जी घेतला की निषाद आला. तक्त्यात हे दोन कॉर्ड दिसले तर ते चालीतून ऐकलेले नसून तक्ता करणाराने बाहेरून आणलेले आहेत, हे कागदावरच सिद्ध होते. त्यांना चूक म्हणण्याऐवजी भाष्य म्हणावे. भाष्य रुचेल किंवा रुचणार नाही, पण त्यास मूळ संहिता समजणे हा मात्र दोष होय.

तिसरा वर्ग ओवीसारख्या विनासाथ गाण्यांचा. त्याचा विचार शेवटी करू.

४. परीक्षेची रीत

पहिल्या वर्गातील गीतासाठी पुढील क्रम उपयोगी पडतो. प्रथम षड्ज निश्चित करावा. ध्रुपदाची ओळ संपताना आवाज जेथे विसावतो तो स्वर गुणगुणून धरावा. तक्त्यातील पहिला कॉर्ड तोच षड्ज असे गृहीत धरू नये. त्यानंतर साथीतील सर्वांत खालचा स्वर शोधून तो स्वतः गावा. हे महत्त्वाचे आहे, कारण ए मायनर सेव्हन आणि सी सिक्स ह्या दोहोंत ए, सी, ई, जी हेच चार स्वर असतात, आणि त्यांचा भेद मुख्यतः खाली कोणता स्वर आहे ह्यावरून ठरतो. असे असता दोन तक्त्यांचा वाद केवळ नावाचाही असू शकतो. सी शार्प की डी फ्लॅट, हा वाद तर गिटारवर निव्वळ शुद्धलेखनाचा आहे.

पुढची पायरी भाषाशास्त्राला परिचित अशा न्यूनतम युग्माची. दोन वर्ण भिन्न आहेत की नाहीत हे ठरविताना आपण एकाच स्थानी भेद असलेले दोन शब्द समोरासमोर ठेवतो. येथेही तेच करावे. संशय सी आणि ए मायनर ह्यांत असेल, तर सी आणि ई हे स्वर दोहोंत समान आहेत. भेद काय तो जी आणि ए एवढाच. तेव्हा पूर्ण कॉर्ड वाजवून 'बसतो की नाही' असे विचारण्यात अर्थ नाही. तीनपैकी दोन स्वर जुळत असल्याने तो थोडाफार बसणारच. फक्त भेदक स्वर गुणगुणावा आणि तो साथीत विरघळतो की वेगळा उरतो ते पाहावे. मेजर-मायनरचा संशय असल्यास शुद्ध आणि कोमल गांधाराने हीच कसोटी घ्यावी. नक्कल करताना 'मायनर'ची एकाक्षरी खूण गळणे सहज संभवते, म्हणून हा संशय वारंवार येतो. शेवटी टाळी देऊन बदलाची मात्रा मोजावी. कॉर्ड योग्य पण एक मात्रा आधी वा उशिरा, हा दोष ऐकताना कॉर्डच चुकल्यासारखा भासतो.

ह्या रीतीतही एक धोका राहतो. जे आधी ऐकले त्याला कान सरावतो. तक्ता समोर ठेवून ऐकले की तक्त्यातलाच कॉर्ड ऐकू येऊ लागतो. म्हणून सहकाऱ्याने दोन्ही पर्याय आपल्याला न सांगता, क्रम बदलून वाजवावेत, आणि प्रत्येक वेळी कोणता जुळतो एवढेच आपण सांगावे. आठही वेळा एकच पर्याय निवडला गेला, तर ते निव्वळ योगायोगाने घडण्याचा संभव १२८त एक इतकाच आहे. अर्थात ह्यातून कानाला भेद कळतो आणि त्याची निवड स्थिर आहे, एवढेच सिद्ध होते. ती निवड ध्वनिमुद्रिकेतील स्वरामुळे की जुन्या सवयीमुळे, हे भेदक स्वराच्या कसोटीनेच ठरवावे लागते.

५. बहुमताचा पुरावा

'दहा तक्त्यांत हेच आहे' असा युक्तिवाद विद्यार्थी नेहमी करतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. त्या कार्यामागील तत्त्व ह्या विभागातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. पोथ्या मोजावयाच्या नसतात, त्यांची कुळे पाहावयाची असतात. दहा पोथ्या एकाच मूळ पोथीच्या नकला असतील तर त्यांची साक्ष एकच. दोन तक्त्यांत एकाच ठिकाणी एकच विचित्र चूक आढळली, शब्दांतील मुद्रणदोषही तेच निघाले, तर ते स्वतंत्रपणे ऐकून केलेले नाहीत असे समजावे. उलट, पट्टी वेगळी, नावे वेगळी, परंतु स्वरसंबंध तेच, असे दोन तक्ते मिळाले तर त्यांच्या एकमताला वजन आहे.

६. ओवीचा गांधार

आता तिसऱ्या वर्गाकडे वळू. काही वर्षांपूर्वी इंदापूरकडील एका विद्यार्थ्याने आपल्या आजीच्या जात्यावरील ओव्या ध्वनिमुद्रित करून आणल्या. गिटारवर कॉर्ड बसवून त्या सादर कराव्यात असा त्याचा मानस होता. 'आजीचा सूर उतरतो, गांधार लागत नाही', असे तो संकोचाने म्हणाला. भ्रमणध्वनीवरील स्वरमापकही तेच सांगत होता. पडद्यांची गिटार समान अंतरांच्या बारा स्वरांवर बांधलेली असते. तिचा शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंट्सवर येतो, तर ५:४ ह्या गुणोत्तराचा स्वयंभू गांधार सुमारे ३८६वर. म्हणजे यंत्राने उतरलेला ठरविलेला स्वर कित्येकदा यंत्राच्याच मोजपट्टीमुळे उतरलेला दिसतो.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर ग्रंथ लिहिला, आणि क्लेमेंट्स ह्यांच्यासह श्रुतींची पेटी घडविण्याचा उद्योग केला, तो ह्याच अडचणीतून.

त्या विद्यार्थ्यास मी एकच काम सांगितले. तो गांधार प्रत्येक ओवीत कोठे येतो आणि प्रत्येक वेळी किती उतरतो, ते लिहून आण. त्याने आणलेल्या नोंदींत तो त्याच जागी, जवळपास तितकाच खाली होता, आणि तेथून आवाज षड्जाकडे वळत होता. चूक अनियमित असते, व्यवस्था नियमित असते, हे आपल्या शास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. बोलीतील रूप प्रमाणभाषेशी जुळत नाही म्हणून आपण त्यास अशुद्ध म्हणत नाही. त्याची पुनरावृत्ती तपासतो. आजीचा सूर लागतच होता. न लागणारी वस्तू होती तो तक्ता.

१९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखविले की, इंग्रजी ऐकत वाढणारी सहा-आठ महिन्यांची अर्भके हिंदीतील दंत्य आणि मूर्धन्य त-ट ह्यांतील भेद ओळखतात, परंतु वर्ष पुरे होण्याच्या सुमारास ती क्षमता बहुतांशी ओसरते. सवयीने कान तयार होतो आणि सवयीनेच तो बधिरही होतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या प्रयत्नांतून एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत झाल्या, आणि त्यांत पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. त्यांतील शब्द लिहिले गेले. परंतु ज्यांचे कान केवळ बारा पडद्यांवर तयार झाले आहेत अशी पिढी त्यांचे स्वर ऐकू लागली, तर तिला तेथे जागजागी चुकाच ऐकू येतील.

७. समारोप

सारांश, कानाने तक्त्याची परीक्षा करता येते, पण त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे हवीत. हा तक्ता लिप्यंकन आहे की भाष्य? वाद नेमक्या कोणत्या एका स्वराचा आहे? आणि आपला कान ज्या मोजपट्टीवर घडला, ती ह्या गाण्याला लागू आहे काय? पहिल्या दोहोंची उत्तरे गिटार हाती घेऊन मिळतात. तिसऱ्यासाठी ती काही काळ बाजूला ठेवून नुसते ऐकावे लागते. इंदापूरच्या त्या विद्यार्थ्याने पुढे ओव्या सादर केल्या, तेव्हा कॉर्ड न वाजविता केवळ षड्ज-पंचमाच्या तारा छेडल्या, आणि गांधार आजीवर सोडला.