कास्ताच्या टेकडीत कोण? आधी हाडांचं ऐका

ग्रीसमधल्या अँफिपोलिसचं कास्ता थडगं लोकांना पाहण्यासाठी खुलं करायची तयारी चालू आहे आणि त्याबरोबर जुना वादही नव्यानं पेटला आहे. आत कोण होतं? सिकंदराची आई ऑलिंपियास? त्याचा जिवलग मित्र हेफेस्टियन? एखादा सेनापती, की थेट रोमन काळातले कुणी? २०१४ च्या ऑगस्टमध्ये पहिली छायाचित्रं जगभर झळकली तेव्हापासून प्रत्येक नावाला वकील मिळाला आहे. या वकिलांच्या गर्दीत ज्यांची साक्ष पहिली घ्यायला हवी होती ती हाडं मात्र मागच्या बाकावर बसली. त्यांना पुढे बोलावल्याशिवाय हा खटला निकालात निघणार नाही.

वास्तू केवढी आहे ते आधी पाहू. टेकडीभोवतीची वर्तुळाकार भिंत ४९७ मीटर लांब आहे. वर्तुळाचा व्यास १५८ मीटरच्या वर जातो. भिंतीचा संगमरवर समोरच्या थासोस बेटावरून आणलेला. दारावर पंख असलेले दोन स्फिंक्स, डोकी तुटलेले. आत दोन उंच स्त्रीमूर्ती, एकीचा उजवा आणि दुसरीचा डावा हात पुढे केलेला, आत शिरणाऱ्याला अडवण्यासाठीच जणू. त्यापुढच्या दालनात खड्यांचं फरशीचित्र: पाताळाचा देव हेडीस पर्सेफोनीला रथातून पळवून नेतो आहे आणि हर्मिस पुढे वाट दाखवतो आहे. साडेचार मीटर लांब, तीन मीटर रुंद. सर्वांत आतल्या खोलीत जमिनीखाली चुनखडीच्या दगडांची पेटी होती, आणि तिच्या आत-बाहेर विखुरलेली हाडं. थडगं प्राचीन काळीच लुटलं गेलं होतं. उत्खननप्रमुख कतेरिना पेरिस्तेरी यांच्या मते हे काम इ.स.पू. चौथ्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकातलं, म्हणजे सिकंदराच्या मृत्यूच्या आसपासचं.

आता हाडं. १९ जानेवारी २०१५ रोजी ग्रीसच्या संस्कृती मंत्रालयानं त्यांचा तपशील जाहीर केला. साधारण साडेपाचशे तुकडे, किमान पाच माणसं. साठीच्या पुढची एक स्त्री, उंची सुमारे १.५७ मीटर. ३५ ते ४५ वयोगटातले दोन पुरुष. त्यांपैकी एकाच्या छातीच्या डाव्या बाजूच्या हाडांवर धारदार शस्त्राचे वार, आणि ते भरून आल्याची खूण नाही, म्हणजे ते मृत्यूच्याच वेळचे असावेत. दुसऱ्याचं मनगटाजवळ मोडलेलं हाड मात्र जिवंतपणीच जुळून आलेलं. एक नवजात अर्भक. आणि एका प्रौढाचे दहन केलेले मोजके अवशेष. शिवाय जनावरांची काही हाडं.

एकाच व्यक्तीसाठी उभारलेल्या समाधीचं चित्र इथेच तडकतं. तरीही नावं थांबली नाहीत. ती एकेक करून तपासू.

सिकंदर स्वतः इथे नाही, यावर अभ्यासकांचं जवळपास एकमत आहे. इ.स.पू. ३२३ मध्ये तो बॅबिलॉनला वारला आणि त्याचा देह त्याचा सेनापती टॉलेमी यानं इजिप्तला नेला. त्याची बायको रोक्साना आणि मुलगा चौथा अलेक्झांडर यांना मॅसिडोनियाचा पुढचा सत्ताधीश कॅसँडर यानं अँफिपोलिसमध्येच कैदेत ठेवलं आणि इ.स.पू. ३१० च्या सुमारास मारलं. त्यामुळे गावाचं नाव निघताच लोकांना रोक्साना आठवते. पण मारली गेली तेव्हा ती तरुण होती, साठीची नव्हे. मुलगा बारा-तेरा वर्षांचा होता, आणि त्या वयाची हाडं कास्तात सापडलेली नाहीत. व्हर्जिनातल्या राजघराण्याच्या थडग्यांपैकी तिसऱ्यात मात्र एका किशोराच्या अस्थी आहेत आणि बहुतेक अभ्यासक त्या याच मुलाच्या मानतात.

ऑलिंपियासचा दावा सर्वांत आकर्षक. ब्रिटिश संशोधक अँड्र्यू चग यांनी तो पहिल्यापासून लावून धरला. मॅसिडोनियाच्या राण्यांच्या थडग्यांत स्फिंक्सची चित्रं आढळतात, स्त्रीमूर्ती तिच्या धार्मिक पंथाशी जुळतात, आणि मृत्यूसमयी तिचं वय साठीच्या आसपास होतं. हाडांतली वृद्धा समोर आल्यावर या दाव्याला बळ आलं, हे मान्य करायला हवं. अडचण इतिहासाची आहे. तिला इ.स.पू. ३१६ मध्ये पिडना इथे मारलं गेलं, तेही कॅसँडरच्या इशाऱ्यावरून. त्यानं तिचा देह दफनाविना टाकून दिला असं प्राचीन इतिहासकार डायोडोरस लिहितो. पिडनाच्या परिसरातच तिची समाधी होती असं सुचवणारा शिलालेखीय पुरावाही अभ्यासक देतात. ज्यानं तिला दफनही नाकारलं, त्याच्याच अमलाखाली मॅसिडोनियातली एवढी मोठी समाधी तिच्यासाठी कोण बांधील?

मग येतो हेफेस्टियन. सप्टेंबर २०१५ मध्ये पेरिस्तेरी आणि वास्तुतज्ज्ञ मिखालिस लेफांत्झिस यांनी जाहीर केलं की बांधकामाच्या दगडांवर कामाची पोच देणाऱ्या खुणा आहेत आणि त्यांत हेफेस्टियनच्या नावाची आद्याक्षरं वाचता येतात. त्यांच्या मते ही त्याची वीरसमाधी. दाव्यामागचा इतिहास भक्कम आहे. इ.स.पू. ३२४ मध्ये तो एकबटाना इथे, आजच्या इराणमधल्या हमदानला वारला तेव्हा सिकंदर शोकानं वेडापिसा झाला. बॅबिलॉनमध्ये अवाढव्य चिता रचली गेली, इजिप्तमधल्या सिवाच्या देववाणीनं त्याला वीर म्हणून पूजण्याची परवानगी दिली. हमदानमध्ये आजही एक दगडी सिंह आहे, तो परंपरेनं हेफेस्टियनशी जोडला जातो. आणि अँफिपोलिसचा प्रसिद्ध सिंहही याच टेकडीच्या माथ्यावर होता, असं पेरिस्तेरी आणि लेफांत्झिस यांचं म्हणणं. बाल्कन युद्धांच्या वेळी, १९१२-१३ मध्ये, ग्रीक सैनिकांना त्याचे तुकडे स्ट्रायमोन नदीकाठी मिळाले आणि १९३० च्या दशकात तो तिथेच पुन्हा उभा केला गेला. टेकडी त्याचं वजन पेलू शकली असती का, याबद्दल भूशास्त्रज्ञांनी शंका घेतली आहे.

या दाव्यातली खरी फट वेगळी आहे. आद्याक्षरांचं वाचन बरोबर मानलं तरी त्यातून फार तर काम कुणाच्या नावे निघालं ते कळतं, आत कुणाला ठेवलं ते कळत नाही. सिकंदर वारल्यावर त्याचा सेनापती पर्डिक्कास यानं त्याच्या मोठ्या योजना सैन्यासमोर मांडून रद्द करून घेतल्या. मग हे काम पुरं झालं का? झालं असेल तर पुढे ते कुणी वापरलं? त्या वृद्धेचं, अर्भकाचं आणि वार झालेल्या माणसाचं हेफेस्टियनशी नातं काय?

अथेन्सच्या पुरातत्त्वज्ञ ओल्गा पलागिया तर वेगळंच सांगतात. शिल्पांची शैली पाहता ती रोमन काळातली, इ.स.पू. पहिल्या शतकातली आहेत आणि जवळच्या फिलिपीच्या लढाईशी, म्हणजे इ.स.पू. ४२ शी त्यांचा संबंध असावा, असं त्यांचं मत. बांधकामाचा मॅसिडोनियन घाट आणि फरशीचित्र यांमुळे ते बहुतेकांना पटलेलं नाही. मलाही संपूर्ण वास्तूसाठी ते पटत नाही. पण त्यातून निघणारा मुद्दा मोलाचा आहे: एखादी समाधी जिच्यासाठी बांधली त्या व्यक्तीनंतरही शतकानुशतकं वापरात राहू शकते. त्याचा ढळढळीत पुरावा २०२५ मध्ये व्हर्जिनातून आला.

व्हर्जिनाला, म्हणजे जुन्या ऐगाई राजधानीत, मानोलिस आंद्रोनिकोस यांनी १९७७ मध्ये राजघराण्याची थडगी उघडली. दुसऱ्या थडग्यात सिकंदराचा बाप फिलिप दुसरा आहे असं त्यांनी सांगितलं. काही अभ्यासक मात्र तिथे सिकंदराचा सावत्र भाऊ फिलिप अरिडेयस आहे असं म्हणत राहिले. २०१५ मध्ये एका संशोधक गटानं पहिल्या थडग्यातल्या पुरुषाच्या जखडलेल्या गुडघ्याकडे बोट दाखवलं: फिलिप लंगडा होता, म्हणजे हाच तो, आणि सोबत त्याची तरुण राणी आणि तान्हं बाळ. गोष्ट सुरेख जुळत होती. दहा वर्षांनी त्याच हाडांचं कार्बन कालमापन झालं. तो पुरुष २५ ते ३५ वयात, इ.स.पू. ३८८ ते ३५६ या काळात कधीतरी वारलेला निघाला. फिलिपचा खून इ.स.पू. ३३६ मधला, वय ४६ च्या घरात. आणि बाळ? एक नव्हे, किमान सहा अर्भकं, आणि तीही रोमन काळातली, शतकांनंतर त्या उघड्या पडलेल्या थडग्यात ठेवलेली. ज्या बाळाला राजपुत्र ठरवून त्याच्या हत्येची कथा सांगितली गेली, त्याचा त्या राजघराण्याशी काडीचा संबंध नव्हता.

हे वाचल्यावर कास्तातल्या नवजात अर्भकाकडे, त्या वृद्धेकडेही, पूर्वीच्या नजरेनं पाहता येत नाही. पाचही जण एकाच काळातले आहेत हे आपण कशाच्या आधारे धरून चाललो आहोत?

घाईमागे राजकारणही होतं. १२ ऑगस्ट २०१४ रोजी पंतप्रधान अँटोनिस समारास स्वतः उत्खननस्थळी गेले आणि त्यांनीच शोधाची घोषणा केली. देश कर्जात बुडालेला, शेजारच्या देशाशी मॅसिडोनिया या नावावरून भांडण चालू. हाडांचा तपशील आला त्यानंतर सहा दिवसांनी मतदान झालं आणि समारास हरले. उत्खननाला रोजची बातमी पुरवावी लागली की संशोधकावर नाव सांगण्याचा दबाव येतो. तेव्हा अनेक ग्रीक पुरातत्त्वज्ञांनीच या गाजावाजावर टीका केली होती, आणि ती रास्त होती.

माझं मत स्पष्ट आहे. कास्ता ही इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरीची राजेशाही थाटाची वास्तू आहे, तिच्यामागे सिकंदराच्या वर्तुळातला पैसा आणि कारागीर असणं संभवनीय आहे, आणि हेफेस्टियनचं स्मारक हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. त्यापुढे एक पाऊलही टाकण्याचा अधिकार आज कुणाला नाही. पाचही व्यक्तींचं स्वतंत्र कालमापन, डीएनए आणि त्या कुठे वाढल्या हे सांगणारी दातांची रासायनिक तपासणी, हे सगळं एकत्र आणि खुलेपणानं छापलं जायला हवं. तोवर कास्ताच्या दारावर पाटी लावायचीच असेल तर तिच्यावर कुणा प्रसिद्ध माणसाचं नाव नको. साठीची एक स्त्री, दोन पुरुष, एक अर्भक आणि दहन झालेली एक व्यक्ती, एवढंच लिहावं. आज खात्रीनं सांगता येतं ते तेवढंच.